लाटांमधली दुसरी

९ नोव्हेंबर, रविवार

आज परत ओरडा खाल्ला. "निकिता, आवाज! आवाज!" कणकवलीच्या कॉलेजचा एवढा मोठा हॉल, आणि त्यात वाजतात ते माझेच पाय. उडी मारून खाली आले की धप्प. लहानपणापासून बाईंच्या क्लासात भरतनाट्यम शिकले. तिथे पाय जोरात आपटला की शाबासकी. आता मुंबईची ही बॅले कंपनी सांगते, तुम्ही खाली आलात ते जमिनीला कळता कामा नये. जमिनीला नाही तर मग कुणाला कळायचं?

शिकवायला दर रविवारी मुंबईहून रोशन मॅडम येतात (यापुढे रो.मॅ., एवढं कोण लिहितंय). कंपनी गावोगाव दौरा करते आणि प्रत्येक ठिकाणी एका प्रवेशात तिथल्याच मुली घेते. आम्ही सहाजणी लाटा. डिसेंबरात प्रयोग. प्रयोग बघून आमच्यातल्या एकीला मुंबईच्या त्यांच्या शाळेत वर्षभर ठेवून घेणार. राहणं, शिकणं, सगळं त्यांचं.

ती एक कोण, ते हॉलच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. झोया. बालवाडीपासून माझ्या शेजारी बसणारी झोया. ती उडी मारते आणि खाली आलीच नाही असं वाटतं. बघावं तर कधीच आलेली असते.

मी बारावीत नापास होणार हेही सगळ्यांना ठाऊक आहे. दोन्ही एकदमच ठरलंय बहुतेक.

१६ नोव्हें., रवि.

झोयाच्या अब्बांच्या, हनीफचाचांच्या टेम्पोतून गेलो. आठवडाभर त्यात मासळी असते, रविवारी आम्ही. चाचा मागचा भाग दोनदा धुतात, तरी आम्ही हॉलात शिरलो की कणकवलीच्या पोरी नाकाला रुमाल लावतात. चाचांना सांगितलं तर हसायला लागले. "वास येता म्हणान काय झाला? लाटांक मासळेचो वास येवचोच."

रो.मॅ. डोळे मिटून म्हणाल्या, "गर्ल्स, पाणी कसं येतं ते आठवा." झोयाने हात वर केला. "मॅडम, खंयचा पाणी? भरतेचा काय सुकतेचा?" आम्ही सगळ्या फुटलो. मॅडमना कळलंच नाही. मग भरती आणि ओहोटी असं समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "दोन्ही करून दाखव." तिने दाखवलं. मॅडमनी तिला आणखी एकदा करायला लावलं.

मला कुणी सांगितलं नाही करून दाखव म्हणून. तारकर्लीत समुद्र माझ्या दारात आहे. तिच्या दारात तर मालवणच्या बाजारातलं गटार आहे. जाऊ दे.

२३ नोव्हें.

कंपनीने बूट दिले. गुलाबी. आमच्यातल्या कुणाचेच पाय गुलाबी नाहीत. रो.मॅ. म्हणाल्या की बूट आपापल्या कातडीच्या रंगाचे करून घ्यायचे, म्हणजे पाय लांब दिसतो. त्यांच्याकडचे लोक तसंच करतात, चहाच्या पाण्यात बुडवून. झोया आमच्याकडे आली, दोघींचे बूट टोपात घातले.

आई आली आणि झालंच. आमच्याकडे पर्यटक उतरतात, सीझन सुरू, खोल्या भरलेल्या. "चाय पावडर नाचाक घातलात? पावण्यांका काय पाजू आता, समुद्राचा पाणी?" झोया तिच्या गळ्यात पडली आणि आई विरघळली. मी पडले असते तर लाटणं बसलं असतं. झोयाचे बूट छान झाले. माझा एक पाय गोरा नि एक काळा.

३० नोव्हें.

बाबा प्रत्येक गोष्टीला गाऱ्हाणं घालतात. बोटीचं इंजिन चालू करताना, नवा सिलेंडर आला की, माझ्या दहावीच्या रिझल्टला. हात जोडायचे, "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करायची, मग काय हवं ते सगळं सांगायचं, आणि बाजूला जो कोण असेल त्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पर्यटकांनाही म्हणायला लावतात. ते व्हिडिओ काढतात.

आज जेवताना म्हणाले, "तुजा नाव सांगलंय मी देवाक. माज्या चेडवाक ती जागा गावांदे म्हटलंय."

"बाबा, ती जागा झोयाची आसा."

"असांदे. सांगाचा काम आपला. पुढचा तो बघता."



७ डिसें., रवि.

खरं लिहिते, इथे कोण वाचतंय. मला ती जागा हवी आहे. पोटात दुखेल इतकी हवी आहे. मुंबईसाठी नाही, बॅलेसाठीपण नसेल. इथे राहिले तर पुढे काय ते दिसतं मला. पावण्यांच्या चादरी, सोलकढी, "वायफाय का पासवर्ड क्या है", आणि मग कुणाच्या तरी घरात तेच सगळं परत.

झोया परतीच्या वाटेवर म्हणाली, "तुका गावली जागा तर माका विसरा नको हां." ती असं बोलू शकते कारण तिला ठाऊक आहे. मी हसले. एवढा राग आला की खिडकीतून बाहेर बघत बसले. तिचा काय दोष? काही नाही. त्याचाच तर राग.

१४ डिसें.

शेवटची रविवारची तालीम. झोया लाटांच्या पुढे. तिला कोपऱ्यात एकटीची गिरकी, एका पायावर, बाकी लाटा मागे थांबून राहणार. मी तिच्या खांद्यामागे. रो.मॅ. म्हणाल्या, "निकिता, तू झोयाकडे बघत राहा. ती करेल तेच कर." जन्मभर तेच केलंय, मॅडम, त्यात काय नवीन.

पाय थोडे कमी वाजले. मॅडम म्हणाल्या, "बेटर." घरी येऊन आईला सांगितलं. तिला बेटर म्हणजे बरं नव्हे, आधीपेक्षा बरं, हे समजावताना मलाच वाईट वाटलं.

२० डिसें., सकाळी

प्रयोग. चाचांनी टेम्पोत मागे सतरंजी घातलीय, अगरबत्ती लावलीय, आता मासळीला अगरबत्तीचा वास येतोय. निघतो.

२१ डिसें.

झालं सगळं.

नीट लिहायला हवं, नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहील.

सकाळी कंपनीच्या माणसांनी स्टेजवर काळा रबरी गालिचा अंथरला, कडेने पट्ट्या चिकटवल्या. रो.मॅ.नी सगळ्यांना बजावलं, यावर चप्पल नाही, खाणं नाही, पाण्याचा थेंब नाही. मग ते सगळे जेवायला गेले. आम्ही मेकअपला बसलो. मी पिन विसरले म्हणून स्टेजवर आले तर बाबा!

इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. फुलं वाहून झाली होती. "बाबा, हय नको, उतरा खाली," म्हटलं तर म्हणाले, "रंगमंचाक नारळ नाय फोडलो तर खेळ होता काय खंय?" आमच्याकडे नाहीच होत. दशावतार असो की शाळेचं गॅदरिंग, नारळ फुटतोच. मी कोण थांबवणारी? आणि हात जोडलेच त्यांनी. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या धन्या, आज चेडवांचो नाच आसा. खंयच्याच चेडवाचो पाय घसरा नको, हात मोडा नको, सगळ्यांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा." बाजूला दुसरं कुणी नव्हतं. माझ्याकडे बघत राहिले. लवकर आटपावं म्हणून मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

विंगेजवळ पडद्याच्या पट्ट्यांवर ठेवायचं लोखंडी वजन होतं, त्यावर नारळ हाणला. पाणी उडालं, थोडं गालिच्याच्या कोपऱ्यावर. मी बाबांना खाली पिटाळलं, करवंट्या उचलल्या, ओढणीने पुसून काढलं. काळ्यावर काही दिसत नव्हतं. मला वाटलं झालं. कंपनीच्या माणसांना कळू नये एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आपली माणसं गावंढळ दिसू नयेत.

लाटांचा प्रवेश. सगळं बरोबर चाललं होतं. माझे पायसुद्धा वाजले नाहीत. झोया कोपऱ्यात गेली, गिरकी घेतली. तिचं अंग फिरलं, पाय फिरला नाही. मी तिच्याकडेच बघत होते, मला सांगितलंच होतं तसं. गुडघा भलतीकडेच वळला. ती बसली खाली. ओरडली नाही.

कंपनीतला एक मोठा नाचणारा दोन उड्यांत आला, तिला दोन्ही हातांवर उचललं आणि फिरत फिरत आत घेऊन गेला. लोकांना वाटलं नाचातलंच आहे. टाळ्या पडल्या. बाबा पहिल्या रांगेत उभे राहून वाजवत होते, मला त्यांचा आवाज आला. "काय उचलल्यान बघ! फुलासारखा उचलल्यान!"

आम्ही पाचजणींनी पुढचं पुरं केलं. का केलं माहीत नाही. संगीत चालू होतं म्हणून.

विंगेत ती जमिनीवर पडलेली. "पाय धरल्यान गो माजो. खाली कोणी तरी पाय धरल्यान." मी तिच्या बुटाला हात लावला. तळवा चिकट.

पाय घसरू नये म्हणून सांगितलं होतं बाबांनी देवाला. घसरला नाहीच.

२४ डिसें.

झोयाला गोव्याला नेलं. कणकवलीचे डॉक्टर म्हणाले गुडघ्याच्या आतला बंध तुटला, इथे जमणार नाही. मी आणि आई बसने भेटायला गेलो. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी किती वेळ अडकली, समोरून गोव्याहून येणाऱ्या गाड्यांच्या डिक्या उघडून पोलीस दारूच्या बाटल्या शोधत होते. बाजूची बाई आईला विचारत होती, फिरायला चाललात काय गोव्याला?

चाचा कॉरिडॉरमध्ये उभे. दाढी वाढलेली. "ऑपरेशन करूक होया म्हणतत. मगे चलतली. नाचाचा नंतर बघू म्हणालो डॉक्टर." मग आईला म्हणाले, "सुरेशान लय धावपळ केल्यान वयनी, रात्रीची गाडी तेनाच बघून दिल्यान." सुरेश म्हणजे बाबा. चाचा त्यांचं असं कौतुक करत होते आणि मी भिंतीवरचा लसीकरणाचा फलक वाचत होते.

झोया औषधाने गुंगीत. मला बघून म्हणाली, "निकू, आवाज झालो काय गो माजो?" खाली पडताना आवाज झाला का, असं विचारत होती. नाही म्हटलं. खरंच नव्हता झाला.

२८ डिसें., रवि.

रो.मॅ.चा फोन. आधी झोयाची चौकशी. मग म्हणाल्या, "निकिता, तुझ्याशी सरळच बोलते. झोयाचं आमच्याकडून ठरलेलं होतं. आता ते शक्य नाही. ती जागा रिकामी ठेवता येत नाही. तू दुसरी होतीस."

मी म्हटलं, ती बरी झाल्यावर?

"बरी होईल. पण त्या गुडघ्यावर बॅले नाही होणार, बेटा. मी पंचवीस मुलींचे गुडघे बघितलेत."

विचार कर म्हणाल्या. जानेवारीत दुसऱ्या सोमवारी फोन करते, तेव्हा हो किंवा नाही सांग, नाहीतर पुढच्या गावातली मुलगी घेऊ.

फोन ठेवला आणि पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. आनंद झाला. एक क्षण. मग झोयाचा चिकट बूट आठवला.

३० डिसें.

आईने बाबांना सांगितलं. बाबांनी पेढे आणले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, खोलीत उतरलेल्या पुण्याच्या पावण्यांना, सगळ्यांना वाटले. "देवान आयकल्यान गो! नारळ फोडलंय तेचा फळ ह्या."

आणि एक पेढा बाजूला काढून, "हो झोयाक, तिका घेऊन जा."

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर नाही, मागच्या पडवीत नेऊन सांगितलं. "बाबा, तुमच्या नारळाच्याच पाण्यात तिचो पाय चिकाटलो. मी पुसलंय, पण तसाच रवला. लायटीखाली सुकान गोंद झालो तेचो."

"काय पण सांगतंस? नारळाच्या पाण्यान कोण पडता? आख्खो कोकण नारळ फोडता."

"बूट बघलंय मी."

 बाबा पेढ्याचा बॉक्स हातात धरून उभे. माझा बाप एवढा म्हातारा कधी झाला? मला सांगायला नको होतं, आणि सांगायलाच हवं होतं. कुठूनही बघितलं तरी माझाच मुडदा.

२ जाने.

बाबा सकाळी बोटीवर गेले. मी पावण्यांना सोडायला किनाऱ्यावर गेले होते. दोरी ओढली, इंजिन चालू केलं, गेले. हात जोडले नाहीत. गाऱ्हाणं नाही. पुण्याची बाई मोबाइल धरून उभी होती, "अहो, ते महाराजा वगैरे म्हणतात ना तुमच्याकडे?" बाबा म्हणाले, "आज नाय."

मी जन्मल्यापासून असं कधी झालेलं नाही.

५ जाने., सोम.

झोया घरी आली. पायाला मोठा पट्टा, खाटेवर. बाबा भेटायला गेले नाहीत. चाचांचा दोनदा फोन, "रे सुरेश, खंय आसस?" बाबा म्हणतात सीझन आहे.

आज संध्याकाळी बाबा जाळं दुरुस्त करत बसलेले, मी बाजूला बसले. वर न बघता म्हणाले, "तू आधी जा. गाडयेत बसलंस काय हनीफाक मी सांगतंय."

"आत्ताच सांगा मगे."

"आत्ता सांगलंय तर तुका जावक जमाचा नाय. तुज्यान जावचा नाय आणि माज्यान धाडूचा नाय."

बरोबर आहे त्यांचं. पण मी गेल्यावर ते सांगणार नाहीत. मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. मी गेले की ते प्रत्येक दिवशी उद्या म्हणतील, आणि चाचा फोन करत राहतील, आणि मासळीच्या लिलावात दोघं एकमेकांना चुकवत म्हातारे होतील. आणि मी नाही गेले तर झोयाचा गुडघा काय परत जुळणार आहे? रो.मॅ. पुढच्या गावातली मुलगी घेतील, तिला आमच्यातलं कुणीच माहीत नसेल.

आई म्हणते, सगळं देवावर सोड. घरात देवाचं नाव आता फक्त आई घेते.

११ जाने., रवि.

रविवार. आता रविवारी काही नसतं.

झोयाकडे गेले. तिची अम्मी बाजारात, चाचा बर्फाला. आम्ही दोघीच. तिने मोबाइलवर प्रयोगाचा व्हिडिओ लावला होता, कुणी तरी काढलेला. पडण्याच्या आधीपर्यंत बघते आणि परत पहिल्यापासून. "हय बघ, तुजो पाय वाजूक नाय," म्हणाली. "ह्या पयल्यांदाच."

तिथेच माझं सगळं बाहेर आलं. नारळ, ओढणी, व्हय म्हाराजा, मॅडमचा फोन, सगळं. रडत सांगितलं, एका दमात, मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हायत आसा माका."

"काय?"

"हॉस्पिटलातसून इल्यावर अम्मीन बॅग उघडल्यान. उजव्या बुटाक मुंगळे लागलेले. मी नाक लावन बघलंय." आणि वर, "नारळ कोण फोडता ता माका कोणी सांगाक होया काय?"

इतके दिवस तिला ठाऊक होतं. मी येत होते, फळं कापून देत होते, पुस्तकं वाचून दाखवत होते, आणि तिला ठाऊक होतं.

"चाचांका सांगलंस?"

"नाय. तेंची दोस्ती मोडून माजो गुडघो बरो जातलो काय?"

मी म्हटलं, मी नाही जात. मॅडमना 'नाही' म्हणून सांगते. खरंच सांगते, त्या वेळी मला तसंच वाटत होतं.

तेव्हा ती चिडली. इतकी वर्षं ओळखते तिला, अशी चिडलेली बघितली नव्हती. "म्हणजे मी फुकट पडलंय? आणि मगे रोज हय येऊन रडतलंस? माका नको तुजा रडणा. तुजा रडणा बघूक मी बसलंय काय?"



मग आवाज खाली आला तिचा. मोबाइल उलटा करून चादरीवर ठेवला. "तू जा, निकू. माज्यासाठी रवा नको. पण एक सांगतंय. थय काय शिकवतत ता माका फोन करून सांगा नको. कधीच सांगा नको. माका आयकाचा नाय."

मी बरं म्हटलं. 

चाचा आले तेव्हा मी चपला घालत होते. "चल्लंस एवढ्यात? चाय तरी पी गो," म्हणाले. "बापाशीक सांग, हनीफ रागावलो आसा. भेटूक येणत नाय म्हणान." सांगते म्हटलं.

घरी येऊन अजून बाबांना काही सांगितलेलं नाही. आई पावण्यांचे मासे तळतेय, हाका मारतेय. उद्या सोमवार, मॅडमचा फोन येईल. हो म्हटलं तर झोयाशी पुढे बोलायला काय उरतं? आणि नाही म्हटलं तर तिच्यासमोर रोज जाऊन बसायचं, तेही तिला नकोय. दोन्हीकडे ती गेलीच माझी.

फोन आला की मी हो म्हणणार.